जोडाक्षरवाले गुरुजी

अनुस्वार चुकला की गुरुजींच्या पोटात दुखायचं. दोन्ही हात पोटावर धरून ते कळवळायचे, "मेलो! अहो, 'आंबा'वरचं टिंब कुणी खाल्लं?" आणि समोर बसलेला, कुऱ्हाडीनं माणूस तोडून आत आलेला मिशाळ गडी चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घालून पाटीवर टिंब द्यायचा. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा कुणी मला सांगू नये की दरारा फक्त दंडुक्याचा असतो.

गुरुजींचं नाव त्र्यंबक. आडनाव सांगत नाही, त्यांच्या घरचे लोक अजून चिंचवडात आहेत आणि भलते तापट आहेत. स्वतःच्या नावाची त्यांना मोठी गंमत वाटायची. "आमच्या नावाचं पहिलंच अक्षर बघा," असं म्हणून ते फळ्यावर लिहायचे, "एका खुर्चीवर तिघे बसलेत, त, र आणि य. आणि चौथा, टिंब, डोक्यावर चढलाय! आईबापांनी काय सूड उगवला माझ्यावर!" वर्गात हशा व्हायचा. कैदी आपसात त्यांना 'जोडाक्षरवाले गुर्जी' म्हणायचे.

पन्नासच्या पुढची ती वर्षं. मोशीच्या शिवारात, इंद्रायणीच्या अलीकडे, कैद्यांची एक छावणी होती. ज्यांची सजा थोडी उरलीय आणि वागणूक बरी आहे अशांना तिथे आणून चाकणकडच्या रस्त्यासाठी खडी फोडायला लावत. चार पत्र्याच्या बराकी, भोवती काटेरी तार, एक फाटक आणि फाटकाशी माझी खिडकी. मी तिथला कारकून. आलेली पत्रं वाचून आत सोडायची, मुलाखतीला आलेल्या नातेवाइकांची नावं लिहायची, असली कामं. आज तिथे दहा-दहा मजली इमारती झाल्यात. परवा नातवाला म्हटलं, इथे माझं ऑफिस होतं, तर तो म्हणाला, "आजोबा, इथे तर जिम आहे." असो.

सरकारनं कैद्यांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला आणि हे गुरुजी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, चिंचवडाहून सायकलवर येऊ लागले. डोक्यावर काळी टोपी, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, आणि अंगावर इतका खडू आणि इतकी तपकीर की कुठला डाग कशाचा ते कळू नये. सायकलची घंटी मोडकी होती. ती दुरुस्त करायचं सोडून हे गृहस्थ रस्ताभर तोंडानं ओरडत यायचे, "घंटी! घंटी!" पिंपरीला तेव्हा औषधाचा कारखाना उभा राहत होता. तिथले गवंडी म्हणे त्यांच्या ओरडण्यावर दुपारच्या चहाची वेळ ओळखायचे.

पहिल्याच दिवशी मी नियमाप्रमाणे त्यांना कैद्यांची नंबरवार यादी दिली. ती त्यांनी उलटून पाहिली आणि पाठकोऱ्या बाजूवर स्वतः हजेरी मांडली. नावानिशी, आणि पुढे 'राव' लावून. "नंबर गणिताच्या तासाला लागतात हो," मला म्हणाले, "आपला तास भाषेचा." मला मात्र त्यांनी कधीच नावानं हाक मारली नाही. पहिल्या दिवसापासून मी 'रजिष्टर'. "काय रजिष्टर, जेवलात का?" राग यायचा मला. खोटं का बोलू?

वरून आलेलं क्रमिक पुस्तक लहान मुलांचं होतं. त्यात बाळ होतं, बाळाचं दूध होतं, चिऊ होती. पन्नाशीचा एक दरोडेखोर 'बा-ळ-दू-ध-पी' असं वाचायला लागला आणि सगळी बराक हसून लोळली. तो बिचारा पाटी टाकून उठला, तो आठवडाभर फिरकलाच नाही. गुरुजींनी ते पुस्तक माझ्या कपाटात ठेवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर स्वतःचा धडा लिहिला: 'पहार धर. खडी फोड. घमेलं भर. भाकर खा.' पठ्ठ्यांनी आठ दिवसांत तो धडा घोटला. दरोडेखोर परत आला. पहार हा शब्द आपल्याला लिहिता येतो याचा त्याला इतका आनंद झाला की दुपारी खडी फोडता फोडता त्यानं तो धुळीत पंधरा ठिकाणी लिहून ठेवला.

चूक झाली की गुरुजी ओरडायचे खरे, पण शेवटी एकच वाक्य ठरलेलं. "पुसा. पाटी आहे ती, कोर्टाचा निकाल नव्हे." हे वाक्य ऐकून एखादा गडी उगाच जास्त वेळ पाटी पुसत बसायचा.

आणि मग तो फलक! जेलरसाहेबांच्या खोलीबाहेर एक लाकडी फलक टांगलेला होता, कैद्याला काय काय मिळायला हवं त्याचा. कुणीच वाचत नव्हतं, कारण कुणाला वाचताच येत नव्हतं. वर्ग सुरू होऊन चार-पाच महिने झाले असतील, एक दिवस तिथे घोळका जमला. एक जण बोट ठेवून वाचतोय आणि बाकीचे ऐकतायत. "स-णा-ला... गू-ळ. आरं, गूळ लिव्हलाय! आन आमाला तर कंदी..." झालं! दिवाळीच्या आधी आख्ख्या छावणीनं गुळाचा अर्ज केला. खाली नऊ सह्या, बाकी अंगठे. जेलरसाहेब माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी कपाळाला हात लावला. "गुरुजी, यांना वाचायला शिकवा असं सांगितलं होतं. समजायला शिकवा असं कुठं म्हटलं होतं?" गुरुजींनी तो अर्ज नीट वाचला आणि म्हणाले, "साहेब, गुळातला 'गू' पहिला काढलाय यांनी. तेवढा दुसरा करून घेतो. बाकी अर्ज चांगला आहे." दिवाळीला गूळ मिळाला.

आता बबनचं सांगतो, कारण गुरुजी म्हटलं की मला तोच रविवार आठवतो.

बबन चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यातला. बांधावरून मारामारी झाली, समोरच्याचा हात कायमचा गेला, आणि याला सजा झाली. तिशीचा, अबोल, पण अक्षर असं वळणदार की गुरुजी त्याची पाटी सगळ्यांना दाखवत फिरायचे. आणि एक दिवस या बबननं पाटी हातात घ्यायचं बंद केलं. वर्गात यायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचा. गुरुजींनी दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी जवळ जाऊन बसले.

"काय झालं, बबनराव?"

"कशापायी शिकू, गुर्जी? कुनाला ल्हिऊ?"

हळूहळू निघालं ते असं. त्याचा थोरला भाऊ मुलाखतीला येऊन गेला होता. त्यानं सांगितलं, तुझी बायको ठकू माहेरी गेली, दुसरं घर करायच्या बेतात हाय. तवा काडीमोडाचा कागद करून आणतो, तू अंगठा दे. बबनच्या वाटणीचं रान ठकूच कसत होती. ती घरातून गेली की ते रान आयतं थोरल्याच्या घशात पडणार होतं. हे बबनला दिसत नव्हतं असं नाही. पण तो म्हणाला, "तिला यायचं असतं तर ती आली नसती व्हय? दीड वरीस झालं मला हितं येऊन. एकडाव बी न्हाई आली. येत्या मुलाखतीला दादा कागद आनणार हाय. देतो अंगठा आन सुटतो."

गुरुजी तडक माझ्या खिडकीशी आले. "रजिष्टर, बघा हो. बबनची बायको कधी मुलाखतीला आली होती का?"

मी वही चाळली. नोंद नव्हती. "नाही," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता वही मिटायचा थांबलो.

कारण मला एक बाई आठवली. सावळी, कपाळावर ठळक गोंदण, त्याखाली रुपयाएवढं कुंकू, फडक्यात भाकरी बांधलेली. पावसाळ्यात एकदा आली होती, नंतर थंडीत एकदा. खिडकीपुढे ही रांग. मी विचारलं, कुणाला भेटायचं? ती म्हणाली, "आमच्या घरच्यांना." अहो, नाव काय घरच्यांचं? तिनं पदर तोंडाला लावला. आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. पण त्या आडनावाचे सात जण आत होते, आणि वहीत गावं नव्हती. मी खेकसलो, "नाव सांग, नाहीतर बाजूला हो." ती बाजूला झाली. दोन्ही वेळा. संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर चिंचेखाली बसून राहिली आणि गेली. परत पाठवलेल्यांची नोंद ठेवायची पद्धत नव्हती.

हे सगळं मी गुरुजींना सांगून टाकलं. वाटलं, आता पोट धरून ओरडतील. ओरडले नाहीत. चिमूटभर तपकीर काढली, ओढायची विसरले, आणि हळूच म्हणाले, "सात नावं वाचून दाखवली असतीत, तर सातव्याला तिनं मान हलवली असती हो." इतकंच बोलले. त्यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मुलाखतीच्या रविवारी ते सकाळी आठलाच हजर. खरं तर रविवारी वर्गाला सुट्टी, पण चाकणकडच्या एका गाडीवानाबरोबर त्यांनी ठकूला यायचा निरोप धाडला होता. फाटकाबाहेर चिंचेखाली सायकल टेकवून बसले. नऊ वाजले, दहा वाजले. साडेदहाला बबनचा भाऊ आला, पागोटंबिगोटं बांधून, खिशात कागद. मी त्याला बसवून ठेवलं. शाई वाळली, टाक मोडला, काय वाटेल ती कारणं सांगितली. अकराला चाकणकडून एक बैलगाडी आली. तिच्यातून ती उतरली. तेच गोंदण, तेच कुंकू, तेच फडकं. मी खिडकीतून ओरडलोच, "गुरुजी, हीच!"

गुरुजी पुढे होऊन म्हणाले, "बाई, बबनरावांच्या मंडळी का?"

तिनं मान हलवली. दीड वर्षाचं काम एका क्षणात झालं. माझं मलाच इतकं ओशाळं वाटलं की काय सांगू. मी तिला हात जोडले, म्हटलं, ताई, तेव्हा नाव सांगितलं असतंत तर! तर तीच माझी समजूत काढायला लागली. "न्हाई वो दादा. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आविष्य कमी व्हतं म्हन्त्यात. ते आदीच आत पडल्यात. त्यात आनि मी नाव घिऊ व्हय?"

मी शिपायाला आत पिटाळलं. तो एकटाच परत आला. बबन येत नाही म्हणतो. आधी तर खोटं मानतो. म्हणतो, ती दोनदा येऊन गेली हे गुरुजींनी सांगितलं तेही माझी समजूत काढायला, आणि आताही माझ्या भल्यासाठी कुणीतरी उभी केली असेल. ती यायची असती तर आधीच आली असती. भावाला बोलवा, अंगठा देऊन मोकळा होतो.

आत जाऊन त्याला ओढून आणायची सोय नव्हती. मुलाखत नको म्हणायचा कैद्याला हक्क होता. भाऊ तर उठून उभाच राहिला. "ऐकलंत का सायेब? चला, कागद उरकून घिऊ."

गुरुजींनी सायकलच्या पिशवीतून पाटी काढली. बबनचीच पाटी. ठकूला चिंचेखाली बसवलं आणि म्हणाले, "बाई, नाव घेऊ नका. लिहा."

"मला न्हाई येत."

"अहो, तुम्ही नशीबवान! काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. दोन अक्षरं शिकलात की नाव पुरं. आमच्या घरी बघा, जोडाक्षरवाला नवरा पदरी पडलाय!"

ती हसली. मग म्हणाली, "ल्हिल्यावर आविष्य कमी न्हाई ना हुयाचं?"

गुरुजी एका क्षणात म्हणाले, "वाढतं. तोंडानं घेतलं तर हवेत जातं. लिहिलं की टिकतं." कुठल्या शास्त्रात आहे हे, मी नंतर विचारलं. "माझ्या," म्हणाले.

अर्धा तास लागला. तिचा हात धरून गिरवून घ्यायला ते तयार नव्हते, परस्त्री म्हणून. मग धुळीत काडीनं ते काढायचे आणि पाटीवर ती. 'न' लवकर जमला. 'ब'चं पोट मात्र कधी डावीकडे जायचं, कधी फुटायचं. इकडे भाऊ माझ्या टेबलावर बोटं वाजवतोय, तिकडे जेलरसाहेब घड्याळ बघतायत, आणि मी, ज्यानं हा सगळा घोळ घातला तो, टाक पुन्हा पुन्हा दौतीत बुडवतोय. अखेर पाटीवर तीन अक्षरं उभी राहिली. वेडीवाकडी, एक मोठं, दोन लहान. पण बबन.

आणि मग तिनं काय करावं? कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं, नवीन पाटीला लावतात तसं पाटीवर टेकवलं आणि पाटी डोक्याला लावली. धन्याचं नाव होतं ते, तिनं कुंकू लावलं. पण ते बोट टेकलं नेमकं पहिल्या 'ब'च्या डोक्यावर. झालं 'बंबन'!

मी गुरुजींकडे पाहिलं. आता पोट धरणार, पुसा म्हणणार. त्यांनी ती पाटी दोन्ही हातांत घेतली, धोतराच्या सोग्याला लागू नये म्हणून अंगापासून लांब धरली आणि शिपायाला दिली. "टिंबाला हात लावू नकोस," एवढंच म्हणाले.

पुढचं शिपायानं मला सांगितलं. बबननं पाटी घेतली आणि मोठ्यानं वाचलं, "बं... बं-ब-न? ही कुनाची चूक रं?" हसला म्हणे. मग त्यानं त्या टिंबावर बोट ठेवलं. बोट लाल झालं. तो बोटाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आरं, आलीया ती!" आणि अनवाणी पळत सुटला. शिपायाला वाटलं, कैदी पळाला!

जाळीच्या दोन बाजूंना ती दोघं उभी राहिली. ती रडत होती आणि फडक्यातली भाकरी जाळीपाशी धरून होती. भाऊ मध्ये पडला, "बबन्या, ह्यो कागद..." बबननं कागद मागून घेतला. भावाला वाटलं अंगठ्याला घेतला. पण हा बोट ठेवून वाचायला लागला, "का-डी-मो-ड." वाचून झाल्यावर त्यानं कागद घडी करून परत दिला. "दादा, मी आता अंगठा देत न्हाई. सही करतो. आन ह्याच्यावर सही करायची न्हाई."

मी त्या दिवशी मुलाखतीची वेळ संपल्याची घंटा पंधरा मिनिटं उशिरा दिली. नोकरीतला माझा तेवढाच एक गुन्हा.

जाताना ठकूबाई गुरुजींच्या पाया पडली. उठता उठता सहज विचारलं, "गुर्जी, मग तुमच्या मालकिनीला येतं का वो तुमचं नाव ल्हिता?"

गुरुजींनी उगाच टोपी काढली आणि पुन्हा घातली. पस्तीस वर्षं लोकांच्या पोरांना शिकवलं आणि घरी बायकोला, माईंना, 'अ' येत नव्हता. "दिव्याखाली अंधार आहे बाई," असं काहीतरी पुटपुटून ते सायकलवर बसले. त्या दिवशी 'घंटी' सुद्धा ओरडले नाहीत.

त्यानंतर मुलाखतीच्या दर रविवारी चिंचेखाली बायकांचा वर्ग भरायला लागला. प्रत्येकीला एकच शब्द शिकायचा, आपापल्या नवऱ्याचं नाव. मी खिडकीला एक पाटी टांगली. तोंडानं सांगायचं नसेल तर लिहा, बाई. आणि जिला अजून येत नसेल तिला मी यादी वाचून दाखवायचो, मान हलेपर्यंत. माईंच्या प्रगतीची बातमीही मला रोज मिळायची. "रजिष्टर, 'क' झाला." "'ब' झाला, ठकूबाईंपेक्षा बरा आहे." पण पहिलं अक्षर काही होईना. "अहो, घाट आहे तो. अर्ध्यातून परत येतात," म्हणायचे. "परवा लाटणं दाखवलं मला. म्हणाल्या, सोपं नाव ठेवून या, मग शिकवा." मग छावणी हलली, माझी बदली झाली, आणि घाट चढून झाला की नाही ते मला कळलंच नाही.

बबन सुटल्यावर चाकणला हमाली करायचा आणि रान कसायचा, असं ऐकलं. एकदा बाजारात दिसला. कांद्याच्या पोत्यांवर नावं घालत होता. मी विचारलं, ठकूबाई कशा आहेत? "ल्हित्यात," म्हणाला, "समद्या घराच्या भितीवर माझं नाव झालंय, सारवून सारवून कटाळा आला." आणि लाजला.

गुरुजी आजारी असल्याचं कळलं तेव्हा ते पुण्याच्या एका इस्पितळात होते. मी गेलो. वाळून काटकी झाले होते. टोपी नव्हती, त्यामुळे ओळखायला क्षणभर वेळ लागला. मला बघून म्हणाले, "काय रजिष्टर, नोंद करायला आलात?" मला हसावं की रडावं कळेना. उशाशी माई बसल्या होत्या. मी त्यांना प्रथमच पाहत होतो. लहानखुऱ्या, नऊवारीतल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू.

तेवढ्यात नर्स कागद घेऊन आली. खाटेला लावायचा कागद भिजून खराब झाला होता, नवा करायचा होता. "आजी, पेशंटचं नाव सांगा."

माईंनी पदर तोंडाला लावला. मी सांगायला तोंड उघडलं, तर गुरुजींनी अंथरुणावरूनच हात वर करून मला थांबवलं.

माईंनी नर्सच्या हातून पेन्सिल घेतली. कागद मांडीवर ठेवला. किती वेळ लागला म्हणून सांगू! नर्स चुळबुळ करायला लागली, पण गुरुजी मान उचलून बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, त, र, य. माईंनी ते तिघं एका खुर्चीवर बसवले. मग 'ब', मग 'क'. कागद पुढे केला. मी पाहिलं. चक्क चढल्या होत्या घाट!

गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि त्यांचा हात पोटाकडे गेला. "मेलो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अहो, टिंब कुठंय?"

"देते हो," माई म्हणाल्या. पेन्सिल नर्सकडे परत गेली होती. माईंनी कपाळाला बोट लावलं आणि त्या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर टेकवलं.

गुरुजींनी पुन्हा एकदा कागद नीट तपासला आणि नर्सला दिला. "बरोबर आहे," म्हणाले. "लावा."